आगेऱ्याच्या केकचा मसाला

आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, ख्रिस्ती देवळातल्या टेबलावर केक ठेवायचा मान यंदा कात्रीनचा होता. विलायती मसाल्याचा डबा कुठे मिळेना, तेव्हा तिने दालचिनी, जायफळ, लवंग घरीच कुटलं. हे ऐकून पावाच्या भट्टीवाला इनास भट्टीवर सगळ्यांदेखत हसला. "वहिनी, केकला कालवणाचा वास येणार!"

गोरा साहेब देशातून गेला, याच्या जिभेवरून गेला नव्हता.

घरी येऊन कात्रीनने पूड हुंगली आणि ती चरकली. सवयीने तिने मसाला कालवणासारखा भाजून घेतला होता. तो तिने फेकला आणि नवा, कच्चाच कुटला.

सणाला केक बघता बघता संपला. इनासनेच तीन तुकडे खाल्ले.

"वहिनी, थोडा मसाला द्याल?" त्याने तिला बाजूला गाठून हळूच विचारलं.

"सगळ्यांदेखत हसलात ना? मग सगळ्यांदेखत मागा."

त्याने मागितला. मोठ्याने.