घरचीच आहे

छातीच्या वॉर्डात बदली झाली तर वहिनीला काय काय मिळणार होतं, ते सगळ्या घराला तोंडपाठ होतं. रात्रपाळी सुटणार. लेकीला रोज स्वतः थोपटून झोपवता येणार. सासूबाईंना अपरात्री उठून पोरीची समजूत काढावी लागणार नाही, आणि नवऱ्याला सकाळी दोघींच्या तक्रारी ऐकाव्या लागणार नाहीत. त्या वॉर्डात क्षयाचे रुग्ण, म्हणून तिथे जायला कुणी राजी नव्हतं, आणि कुणी राजी नव्हतं म्हणूनच दिवसपाळीचं गाजर होतं. वहिनीने गाजर ओळखलं आणि तरीही खाल्लं.

नणंदेचाही यात वाटा होता. ती त्याच दवाखान्यात संसर्ग रोखण्याच्या कामावर होती. हात धुतले का, सुया डब्यात टाकल्या का, मास्क नीट बसतो का, हे बघत दिवसभर फिरायची. पाठीमागे लोक तिला ‘फिनेल’ म्हणत. भावजय रात्री घरी राहू लागली की आईकडे मुक्कामाला जायचा तिचा रतीब बंद होणार होता. दवाखान्यात दोघी सिस्टर, घरी नणंद-भावजय. म्हणजे बहिणी त्या फक्त पगाराच्या तासांपुरत्या.

त्या वॉर्डात पाऊल टाकण्याआधी मास्कची परीक्षा व्हायची. आधी मास्क न लावता डोक्यावर पारदर्शक टोप घालायचा आणि आत कडू पाण्याचा फवारा मारायचा, जिभेला कडू कळतं की नाही ते बघायला. मग चूळ भरून, मास्क लावून, पुन्हा तोच फवारा. आता कडू लागलं तर मास्क कुठेतरी उघडा आहे. मग दुसऱ्या मापाचा घ्यायचा, एवढंच.

वहिनी रांगेत शेवटी होती. घसा बसला होता म्हणून गालात गोळी धरली होती, घसा बधिर करणारी. ती सकाळी नणंदेनेच दिलेली.

“वन्सं, आटपा लवकर, ड्रेसिंगं राहिलीत.”

“कामावर वन्सं नाही म्हणायचं. सिस्टर म्हण.”

“मग घरी सिस्टर म्हणू का?”

“घरी तू तोंडावर काहीच म्हणत नाहीस. जे म्हणतेस ते मागून.” नणंदेने थेट मास्क पुढे केला.

“आधी मास्कशिवाय करायचं ना?”

“ते परक्यांसाठी. तू घरचीच आहेस. तुझ्या जिभेला कडू कळत नाही असं कोण म्हणेल?”

परीक्षा उरकून रेंगाळलेले सगळे हसले. वहिनीही हसली. टोप चढला, फवारा सुटला.

“कडू?”

“काही नाही.”

“पास.”

पुढचे काही आठवडे घर सुखात होतं. लेक आईच्या कुशीत झोपायची, सासूबाई सलग झोपायच्या. वॉर्डात मात्र वहिनीचा चष्मा सारखा धूसर व्हायचा. ती तो पुसायची, उकाड्याला नावं ठेवायची आणि कामाला लागायची.

खिडकीजवळच्या पलंगावर एक निवृत्त मास्तर होते. खोकताना पाठ कमानीसारखी वाकायची. थुंकीचा नमुना घ्यायला वहिनी त्यांच्यासमोर डबी धरून उभी होती. उबळ ओसरल्यावर ते धापा टाकत म्हणाले, “सिस्टर, तुमच्या काचांवर दर श्वासाला ढग येतो बघा.”

वहिनी हसायला गेली आणि तिथेच थिजली. दर श्वासाला. म्हणजे नाकाच्या बाजूने श्वास बाहेर पडतोय. त्या वाटेने बाहेर पडतोय, तर आतही तिथूनच येतोय. आज नाही, पहिल्या दिवसापासून. तिने श्वास रोखला. मास्तर पुन्हा खोकले. किती वेळ रोखणार? छाती फुटायला आली तेव्हा तिने तोंड भिंतीकडे करून तो घेतला, आणि आत जाताना तो श्वास तिला आयुष्यात पहिल्यांदा जाणवला.

डबी झाकून, हात धुऊन ती तडक नणंदेच्या खोलीत गेली. “वन्सं, परीक्षेचा टोप काढा.”

नणंदेने या वेळी ‘सिस्टर म्हण’ म्हणून टोकलं नाही. मास्कशिवाय फवारा मारताच वहिनीचं तोंड वाकडं झालं. कडूजहर. चूळ भरली, मास्क लावला, पुन्हा फवारा.

“कडू?” नणंदेने विचारलं.

वहिनीने होकारार्थी मान हलवली. “त्या दिवशी तुमची गोळी होती तोंडात.”

नणंदेने तिच्या डोक्यावरचा टोप उतरवला. म्हणाली, “घरी इतक्यात बोलू नकोस. आई घाबरेल.”

“आणि लेक माझ्या तोंडाशी तोंड लावून झोपते, तिला काय सांगू?”

नणंद दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे जाऊन सगळं सांगून आली.

रक्ताची तपासणी झाली. छातीचा फोटो स्वच्छ आला, पण रक्तात, क्षयाचे जंतू अंगात शिरल्याची खूण निघाली. डॉक्टरांनी समजावलं की जंतू झोपलेत, गोळ्या घेतल्या तर झोपेतच मरतील, तिच्यापासून कुणाला धोका नाही. पण हे कळेपर्यंत वहिनीने स्वतःला मागच्या खोलीत कोंडून घेतलं होतं. लेक दारावर थापा मारायची. वहिनी आतून ओरडायची, “जवळ येऊ नकोस.” आधी समजावून, मग दरडावून, आणि एकदा इतक्या जोरात की पोरगी पाय वाजवत पळाली.

तर हिशेब असा. परीक्षा सगळ्यांची पुन्हा झाली. परके सगळे पास झाले, कारण त्यांची पहिल्या खेपेलाच नीट घेतली होती. वहिनीला लहान मापाचा मास्क चपखल बसला. त्या मापाचं खोकं तेव्हाही तिथेच होतं, फक्त उघडलं नव्हतं. नणंदेचं संसर्ग रोखण्याचं काम गेलं, वॉर्डातली रात्रपाळी आली. वहिनीच्या वाट्याला काही महिने गोळ्या आल्या, दिवसपाळी शाबूत राहिली. दोघींनी आपापला भाग मुकाट्याने भरला. उरली लेक, जिला या व्यवहारात कुणी काही विचारलं नव्हतं. आई आता रोज रात्री हात पसरून बोलावते, शपथा घालते. लेक दारात उभी राहून आधी विचारते, “येऊ का?” आणि हो म्हटलं तरी आजीपाशी जाऊन झोपते.