सरांच्या भिंतीवरचा तेरडा

जळकोटच्या पुढच्या माळावर दोन तेरडे फुलत, आणि त्यांची आपसात सोयरीक होत नाही हे सिद्ध करायला जेबाला सहा पावसाळे लागले. लातूरच्या एका कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवी, तेही तासिकेवर. म्हणजे पगार तासाचा आणि काम दिवसाचं.

पायथ्याचा तेरडा नेहमीचा. फुलामागं लांब शेपटी, शेपटीच्या टोकाला मध, आणि तो प्यायला लांब सोंडेची फुलपाखरं. माथ्यावर वारं फार, तिथं फुलपाखरू ठरत नाही. म्हणून तिथल्या तेरड्यानं हजारो वर्षांत शेपटी आखडून घेतली आणि बारक्या माश्यांशी संधान बांधलं. गिऱ्हाईक वेगळं झालं, तशी पेठ वेगळी झाली. पण नुसत्या आखूड शेपटीवर कुणी नवी जात मानत नाही. एकाच घरात एखादं नकटं निघतंच. जेबा कळ्यांना पिशव्या बांधी, खालचा पराग वर लावी, वरचा खाली. शेंगा धरत, आत बी पोचट. दरवर्षी पोचट.

त्या पिशव्या तिचे वडील गफूरभाई शिवत. गंजगोलाईत त्यांचं टेलरिंगचं दुकान. नजर अधू झालेली, तरी मलमलच्या बोटभर पिशव्या शिवून एसटीनं लेकीसोबत येत आणि ती फुलावर वाकली की तिच्यावर छत्री धरत.

"नवरीचे बी एवढे नखरे नसतेत बेटा," ते म्हणत, "जेवढे तुज्या तेरड्याचे हायत."

माथ्यावरच्या तेरड्याचं नाव तिनं ठरवूनच ठेवलं होतं: इम्पेशन्स गफुरी. "टेलरच्या नावाचं झाड? लोक हसतील की," गफूरभाई म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गंजगोलाईला सांगून आले.

जेबाचे मार्गदर्शक डॉ. रेणुकादास नांदेडला असत. निवृत्त, आणि बोलणं असं की साखर ओशाळावी. नव्या जातीवरचा तिचा निबंध त्यांनी वाचला.

"उत्तम. फक्त लेखक म्हणून माझं नाव घातलंयस, ते काढ."

मार्गदर्शकानं आपणहून नाव काढायला सांगितल्याचं मराठवाड्यात कुणी ऐकलं नव्हतं. "का सर?"

"अगं, स्वतःच्या निबंधात झाडाला स्वतःचंच नाव देणं बरं दिसत नाही."

जेबाला उलगडा व्हायला चहा गार होईपर्यंत वेळ लागला.

"माझ्या अमृतमहोत्सव समितीचा हट्ट. मी नको म्हणून पाहिलं, पण ऐकतात थोडीच," सर म्हणाले. "बाकी, तुझी पक्क्या जागेची मुलाखत पुढच्या महिन्यात ना? निवड समितीत मी आहे. काळजी करू नकोस."

त्यांनी धमकी दिली नाही. काळजी करू नकोस, एवढंच म्हणाले.

"दे," गफूरभाई म्हणाले. "नौकरी पक्की होऊ दे. नावाचं काय, तेरड्याचा रंग तीन दिवस." मग बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले.

नवी जात जाहीर करायची तर तिचा एक वाळवलेला नमुना मान्यताप्राप्त वनस्पतिसंग्रहात ठेवावा लागतो, आणि तो कुठं ठेवला हे छापावं लागतं. फोटो चालत नाही. झाडं थोडी, म्हणून जेबानं मुळापासून शेंगेपर्यंत पुरं असं एकच झाड दाबून वाळवलं होतं. अमृतमहोत्सव समितीनं ते काचेच्या चौकटीत बसवून सोहळ्यात सरांना मानचिन्ह म्हणून दिलं. झाडाला सरांचं नाव देऊन निबंध गौरवग्रंथात छापला. त्यातली संग्रहाची ओळ संपादकांनी काढली, कारण तिच्यामुळं सरांचा फोटो बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची बस माळावर गेली. सगळे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. दुर्मिळ झाड दिसलं की आपल्या कॉलेजसाठी एक नमुना घ्यायचा, हा या मंडळींचा धर्म.

"सर, अजून बी धरलं नाही," जेबा एकेकाला सांगत राहिली.

"एकच घेतोय, मॅडम."

खरंच प्रत्येकानं एकच घेतलं. उदगीरला बस जेवणाला थांबली, तोवर सगळी झाडं सीटखाली मान टाकून पडली होती. दाबायला रद्दी कुणी आणली नव्हती.

तेरडा एका पावसाळ्याचं झाड. बी पडलं तर पुढचं साल. पुढच्या साली माथ्यावर नुसतं गवत होतं. त्याच्या पुढच्या सालीही.

जेबाची नोकरी पक्की झाली. आणि मग बाहेरच्या एका शास्त्रज्ञाची मेल आली: नमुना कुठं आहे ते छापलेलं नाही, सबब हे नाव ग्राह्य नाही.

गफूरभाईंनी मेल दोनदा वाचून घेतली. "म्हंजे आता दुसरं नाव ठिवता येतंय?"

"येतंय अब्बा. फक्त ती चौकट पाहिजे."

त्यांनी रात्रीतून चौकटीसाठी मलमलची खोळ शिवली.

नांदेडला चौकट दिवाणखान्यात सोफ्यामागच्या भिंतीवर टांगलेली होती. "खुशाल ने," सर म्हणाले. "नाव तेच ठेवशील ना?"

जेबानं सोफ्यावर चढून चौकट उतरवली.

संग्रहात नमुन्याला कीड लागू नये म्हणून औषध लावतात. दिवाणखान्यात कोण लावणार? आत कसर शिरली होती. फुलं गेली, शेंगा गेल्या, पानांची जाळी झाली. शेपटी आखूड की लांब, हे सांगायला शेपटीच उरली नव्हती. एक काडी होती, आणि खाली पितळी पट्टीवर सरांचं नाव.

"थोडा खराब झालाय," सर जवळ येऊन म्हणाले. "पण नाव स्वच्छ वाचता येतं. नसेल न्यायची तर परत लाव बाई, भिंतीवर डाग दिसतोय."

जेबानं चौकट खिळ्याला अडकवली.

"डावीकडं थोडी," सर म्हणाले.

तिनं ती डावीकडं सरकवली. मग खाली उतरून मलमलच्या रिकाम्या खोळीची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.