आरशातली पुतळी

शोभानं दोऱ्याचं रिकामं रीळ आरशाच्या खालच्या कडेमागे सारलं, मशीनवर येऊन बसली, आरशात पाहिलं, पुन्हा उठली आणि रीळ बोटभर आत ढकललं. आता जमलं. आरशात आधी स्वतःच्या दुकानाचा उंबरठा, मग आर्णीचा रस्ता, रस्त्यापलीकडे काचेची मोठी खिडकी, आणि खिडकीत रस्त्याकडे पाठ करून उभी असलेली प्लॅस्टिकची पुतळी. मानेपासून कमरेपर्यंत, पूर्ण.

"आरसा कायले हलवून राह्यली?" कोपऱ्यात हूक लावत बसलेल्या नवऱ्यानं, नीळकंठरावांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाले नीट दिसत नाही."

"गिऱ्हाईक कुठं हाय?"

शोभानं मशीनचं चाक फिरवलं. नीळकंठरावांनी तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढली होती. विचारलेल्याचं उत्तर मिळालं नाही की ते पुढच्या कामाला लागत. त्यांनी पुढचा हूक घेतला.

पुतळी समीक्षाची होती. खिडकीही तिचीच, आणि खिडकीवरची लाल अक्षरांची पाटीही. ही समीक्षा सहा वर्षं शोभाच्या पायाशी बसून तुरपाई शिकली होती. टाचण्या ओठात कशा धरायच्या, बाहीच्या मुंढ्याची गोलाई खडूच्या एका फटकाऱ्यात कशी काढायची, सारं शोभानं तिला दिलं. आणि गेल्या दसऱ्याला पोरीनं पाया पडून सांगितलं, "काकू, समोरचा गाळा घेतला." समोरचाच. यवतमाळात गाळे नव्हते, दारव्ह्यात नव्हते, साऱ्या जिल्ह्यात तो एकच गाळा शिल्लक राहिला होता जणू. शोभा दुकानाच्या नारळाला गेली नाही. त्याच संध्याकाळी तिनं नवऱ्याकडून मशीन फिरवून घेतली आणि रस्त्याकडे पाठ केली. सकाळचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणाली. तेव्हापासून तिनं समोर एकदाही पाहिलं नव्हतं. कुणीही सांगावं, शोभानं मान वळवली का. मान वळवायची गरजच नव्हती. समोरच्या भिंतीवर गिऱ्हाइकांचा उभा आरसा होता.

शोभाच्या चष्म्याला दोन भिंगं. वरच्या भिंगातून समीक्षाचं दुकान, खालच्या भिंगातून आपली सुई. दिवसभर तिची नजर अशी वर-खाली होई. कोणती बाई पिशवी घेऊन आत गेली, किती वेळ बसली, हसत बाहेर आली का. हसत आली की शोभाच्या पोटात दुखे. मग ती ओवा खाई. एक सुख मात्र त्या आरशात होतं. समीक्षाच्या पाटीवरची लाल अक्षरं त्यात उलटी दिसत, मुंग्यांची रांग पावसात विस्कटावी तशी. नाव काही केल्या वाचता येत नसे. शोभाला ते फार आवडायचं.

तसा तिच्या हाताला तोड नव्हती. तिनं शिवलेला ब्लाउज घालून एक बाई विहिरीत पडली होती. बाजेवर घालून वर काढली तेव्हा बाईचं कोपर फुटलं होतं, कानातलं हरवलं होतं, पण टीप एक उसवली नव्हती. हे आर्णीत कुणालाही विचारा, विहीर दाखवतील. पण आता बायकांना टीप नको होती. त्यांना पाठ हवी होती. पाठीवर मोर, पाठीवर कमळ, आणि त्यात टिकलीएवढे आरसे. ते शोभाच्या डोक्यात उगवत नसे. समीक्षाच्या डोक्यात रोज उगवे आणि सकाळी पुतळीच्या पाठीवर येऊन बसे. चार वाजता ऊन तिकडे पोचलं की त्या आरसेकामातून कवडसे सुटत आणि रस्ता ओलांडून शोभाच्या दुकानात, तिच्या कापडावर, कधी कधी तिच्या हातावर येऊन नाचत. ती हात झटकून टाकी.

अशात मैनाबाई आली. बंजारा तांड्यावरची, खरी पारखी बाई. तिच्या आईच्या अंगावरच्या काचेच्या कामानं पूर्वी ऊन मागं सरायचं म्हणे. लेकीचा, निशिगंधाचा, साखरपुडा होता.

"शोभाताई, पाठीवर मोर पायजे. त्या समोरच्या पुतळीवर हाय तसा. पण हात तुमचाच पायजे मले."

हात तुमचाच. शोभानं त्या दोन शब्दांवर तीन रात्री काढल्या. दिवसा आरशात मोर पाहायचा, रात्री खडूनं कापडावर उतरवायचा. मोर पाठीच्या डाव्या अंगाला होता, पिसारा डाव्या बाहीवर उतरला होता. पदराखाली जाईल की काय, असं एकदा तिच्या मनात आलं. पण पुतळीला साडी नव्हती, आणि आजकालच्या पोरी पदर चार बोटांच्या पट्टीत टाचतात, तिनं विचार केला. जसा दिसला तसा उतरवला. पिसाऱ्याचा डोळा न् डोळा.

साखरपुडा झाला आणि चौथ्या दिवशी मैनाबाई परत आली. बसली नाही.

"मोर गुदमरला ना, शोभाताई."

"काहून?"

"पदराखाली. सारा. पोरगी तीन तास पाटावर बसली, कोणाले पीस दिसलं नाही. तिच्या नणंदा म्हणे, मोर मोर म्हणत होत्या तुमी, कुठं गेला, उडाला का?"

शोभाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मी तं तसाच केला. तिच्यासारखा."

"तिचा तं उजवीकडं हाय. मी तिकडं गेलती घेऊन, हलवून देते का म्हणून. तिनं बिलाउज हातात घेतला, लय वेळ पाहत राह्यली. मंग तुमच्या दुकानाकडं पाह्यलं. मंग म्हणे, मावशी, काकूकडंच जा, त्याच नीट करून देतीन."

म्हणजे तिनं पाहिलं. उलटा मोर तिच्या मांडीवर पडला होता आणि तिनं तो पाहिला. हसलीही असेल मनात. वर दया करून गिऱ्हाईक परत पाठवते. शोभाला एकवेळ शिवी चालली असती.

"लग्नाचे सहा बिलाउज हायेत," मैनाबाई म्हणाली. "पहिला एक करून पाहा. जमला तं बाकीचे पाच तुमचे. नाही जमला तं मंग तिच्याकडं टाकतो सारे. राग नोका मानू."

ती गेली. नीळकंठरावांनी हुकांची डबी बंद केली.

"डावं-उजवं कसं काय चुकलं तुझं?"

"माझं नाही चुकलं. तिनं मुद्दाम हलवून ठेवला असन. मी पाहतो म्हणून."

"तू कुठं पाहतं? तुही तं पाठ असते तिकडं."

शोभानं ओव्याची पुडी सोडली.

दुसऱ्या दिवशी पुतळीवर नवा ब्लाउज चढला. या वेळी साडीसकट, हिरवी साडी, पदर पाठीवर सोडलेला. आरशात शोभानं पाहिलं: पदर डाव्या खांद्यावर, जिथं असावा तिथं. उजव्या खांद्यावरून कैऱ्यांचा वेल उतरला होता, प्रत्येक कैरीत एक टिकली. वेल उजव्या बाहीच्या टोकाला येऊन थांबला होता. शंकेला जागाच नव्हती. आणि खिडकीत ती पुतळी आधीपेक्षा पुढे, अगदी काचेला टेकवून ठेवली होती. इतकी स्पष्ट की कैऱ्यांचे देठ मोजता यावेत. शोभानं मनात म्हटलं, मिरवते आहे. आणि देठ मोजले.

ब्लाउज तिनं असा शिवला की शेवटचा टाका घातल्यावर स्वतःच दोन मिनिटं पाहत राहिली. मैनाबाईनं तो दुकानातच निशिगंधाच्या अंगावर चढवला, वर ओढणीचा पदर घेऊन पाहिला, पोरीला गर्रकन फिरवलं. वेल उघडा, सारा दिसत होता. मैनाबाईनं पिशवीतून बाकीची पाच कापडं काढली आणि मशीनवर ठेवली. शोभानं त्यांच्यावर तळहात ठेवला आणि काही वेळ तो उचलला नाही.

"मी म्हणतच होतो," मैनाबाई खुशीत बसून घेत म्हणाली, "हात तो हात. त्या पोरीचं पाह्यलं का तुमी? पुतळीले उलटा पदर."

"कायचा उलटा?"

"उजव्या खांद्यावर. चार दिवस झाले. सारी आर्णी हासून राह्यली. कॉलेजातल्या पोरी फोटो काढून गेल्या. आन् वेल डावीकडं, जिथं पदर असते तिथं. दोन बाया तं माह्या डोळ्यापुढं परत गेल्या. म्हणे, हिले पदर कुठं घ्यावा ते समजत नाही, ही काय शिवीन."

शोभानं आरशात पाहिलं. पदर डाव्या खांद्यावर. वेल उजव्या.

"बरोबर तं हाय."

"कुठं बरोबर हाय, शोभाताई? मी सांगतलं तिले, पोरी, नीट कर, लोकं हासतात. तं म्हणे, राहू द्या मावशी, जिथून पाहाचं तिथून बरोबर दिसते. आता घ्या."

निशिगंधा तोंडावर ओढणी धरून हसली. "वळून पाहा ना मावशी, मजा हाय."

शोभा वळली. दसऱ्यानंतर पहिल्यांदा. मानेत कट्कन आवाज झाला, नीळकंठरावांनाही ऐकू गेला. रस्त्यावरून एक ऑटो गेला, मग काच मोकळी झाली. पुतळीचा पदर उजव्या खांद्यावर होता. वेल डाव्या. वर लाल अक्षरांत, सरळ, वाचता येईल असं, समीक्षाचं नाव होतं, आणि त्याखाली लहान अक्षरांत आणखी एक ओळ: शोभाकाकूंची शिष्या.

शोभानं मान परत फिरवली. आरशात पदर डावा झाला. अक्षरांच्या पुन्हा मुंग्या झाल्या. अक्षरं उलटतात हे ती पाच महिने रोज पाहत होती. कापडही उलटत असेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

आणि मग पुतळीच्या खांद्यावरून, आरशाच्या आतून, तिला दोन डोळे दिसले. समीक्षा मशीनवर बसून इकडेच पाहत होती. शोभाच्या पाठीकडे नाही. आरशात, सरळ तिच्या डोळ्यांत. नजर मिळाली तशी पोरीनं मान खाली घातली, सहा वर्षांपूर्वी वाकडा टाका सापडल्यावर घालायची तशी.

मैनाबाई कधी उठली, काय बोलून गेली, ते शोभाला कळलं नाही. चार वाजले. कवडसे आले. पाच कापडांवर नाचले, तिच्या हातावर चढले. तिनं हात झटकला नाही.

सकाळी कुलूप उघडल्याबरोबर ती म्हणाली, "अहो, मशीन फिरवा."

"कुठं?"

"होती तशी."

"उजेड डोळ्यावर येते म्हणत होती ना तू?"

"येऊ द्या."

नीळकंठरावांनी एका बाजूनं उचलली, तिनं दुसऱ्या. आरशामागचं रीळ काढून तिनं डब्यात टाकलं. मग रस्त्याकडे तोंड करून बसली. ऊन खरंच थेट डोळ्यांवर येत होतं.

समीक्षानं शटर वर केलं, झाडू घेतला आणि समोर पाहून झाडूसकट उभी राहिली. बराच वेळ. मग झाडू ठेवला, चार टाचण्या ओठात धरल्या, हिरवा पदर उजव्या खांद्यावरून काढला, पुतळीचा ब्लाउज उतरवला, दुसरा चढवला, आणि पदर डाव्या खांद्यावर आणला. टाचला. वळून शोभाकडे पाहिलं.

शोभानं एक बोट खाली केलं. जरा खाली.

समीक्षानं पदर दोन बोटं खाली घेतला.

शोभानं मान हलवली. मग सवयीनं वरच्या भिंगातून पुतळीच्या बाहीवर, मुंढ्याच्या गोलाईवर एक तरी सुरकुती आहे का ते शोधलं. मध्ये आरसा नव्हता, सगळं लख्ख दिसत होतं. सुरकुती नव्हती. इतका गोल मुंढा तिच्या स्वतःच्या हातूनही दोनदाच उतरला असेल.

"ओवा संपला का हो?" तिनं विचारलं, आणि खालच्या भिंगात सुई धरली.