निळ्या रंगाखालचा काटा

मी एक जुना दाबमापक आहे. पंपघरात मला गेज म्हणतात. पितळी अंग, काचेचे तोंड आणि आत एक काटा, एवढाच माझा संसार. मित्रांनो, पाइपातले पाणी किती जोराने रेटते आहे, ते हा काटा सांगतो.

मला आणि माझ्या जुळ्या भावाला एका दवाखान्याच्या तळघरात, एकाच पंपावर बसवले. पाणी बाहेर पडते तिथे भाऊ, आत शिरते तिथे मी. जो तो भावाकडेच बघायचा. त्याचा काटा सहा बारवर गेला (बार म्हणजे दाबाचे माप) की पंपवाले काका खूश! मी आपला भिंतीकडच्या कोपऱ्यात, दोनवर. पुढे एकदा मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून पंपघर रंगवायला काढले. रंगाऱ्याने पाइपांबरोबर मलाही काचेसकट निळे करून टाकले. दर तपासणीला वर रंगाचा नवा हात. हळूहळू मी गेज आहे हेच सगळे विसरले. काका तर माझ्यावर त्यांचा फडका अडकवायचे. मला फार वाईट वाटायचे.

मग दहाव्या मजल्यावर नवजात बाळांचा नवा कक्ष बांधून झाला, पण तो उघडेना. वीज गेली की गच्चीवरची टाकी लवकरच कोरडी पडायची. पंपाची अवाढव्य मोटर जनरेटरला सुरूच करता येत नव्हती. त्याला झेपणार होती फार तर पाच किलोवॅटची मोटर. काकांची नात वेळेआधी जन्मली होती आणि खालच्या दाटीत, एका पाळण्यात दोन, अशी निजत होती. नवा कक्ष उघडला नाही, तर तिला दूरच्या गावी हलवणार होते. तेवढा प्रवास तिला सोसेल, असे कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हते.

नवी मोटर ठरवायला इंजिनिअर ताई आली.

"ताई, पाचाची चालेल ना हो?" काकांनी विचारले.

"हिशेब सांगेल, काका."

काय तो हिशेब! गच्चीवरच्या टाकीत सेकंदाला पाच लिटर पाणी पडते, हे तिने घड्याळ लावून मोजले. भावाचा काटा वाचला. दाबाला प्रवाहाने गुणले, एकके जुळवली आणि उत्तर आले तीन किलोवॅट. हा जुना पंप निम्मी ताकद वाया घालवतो, म्हणून त्याची दुप्पट केली. डोळ्यांना कधीच न दिसणारी ताकद एवढ्याशा गुणाकारात पकडली गेली! मी थक्क झालो.

"सहा," ताई हळूच म्हणाली. "नाही जमणार, काका."

काका माझ्याकडे वळले. डोळे पुसायला त्यांनी माझ्यावरचा फडका ओढला, आणि त्याला चिकटून रंगाचा एक पोपडा निघाला. काच चमकली. ताई पुढे वाकली आणि नखाने खरवडू लागली.

"काका, हे गेज आहे!"

"अहो, मी त्याला खुंटी समजत होतो!"

पंप चालूच होता. माझा काटा दोनवर होता. ताईने तिच्याजवळचे नवे गेज लावून खात्री केली, तेही दोनच म्हणाले.

"चुकलंच माझं! पाणी टेकडीवरच्या टाकीतून येतं ना? दोनाचा रेटा ते घेऊनच येतं. पंपाला फक्त वरचे चार घालायचेत." तिने पुन्हा गुणाकार केला. दोन किलोवॅट, आणि दुप्पट चार. "चार, काका! पाचाची चालेल!"

काकांनी त्याच फडक्याने पुन्हा डोळे पुसले. मलाही भरून आले. मी इतकी वर्षे रंगाखाली उभा होतो, आणि तेवढ्या वेळात एकही दिवस पाण्याने आपला रेटा थांबवला नव्हता.

नवी मोटर बसली. मुद्दाम वीज तोडून पाहिली. जनरेटर घुरघुरला, भाऊ सहावर चढला, आणि दहाव्या मजल्यावरून निरोप आला की टाकीत पाणी पडतेय. त्याच दुपारी नात वर गेली, स्वतःच्या स्वतंत्र पाळण्यात.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत कोपऱ्यात कुणी माझ्यासारखा असेल. त्याला रंगवायच्या आधी जरा पुसून पाहा. तो काही सांगत असेल, तर ऐका.

काही आठवड्यांनी नातीला घरी नेताना काकांनी तिला पंपघराच्या दारापर्यंत आणले. आता ती चांगली गुबगुबीत झाली होती. "ते बघ, ते गेज," ते म्हणाले. ती माझ्याकडे बघून जांभई देऊन झोपली. काकांनी खांद्यावरचा फडका घेतला, माझी काच पुसली, आणि तो परत खांद्यावर टाकला.