आधी मेंढ्यांची विचारपूस

डोंगरात, नारीन शहराकडच्या आमच्या गावात कुणाला जीव नकोसा झाला तर शेजाऱ्याला वेळीच कळावं, म्हणून जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या बाईंनी मोबाईलवर शिकवणी लावली. पहिल्याच दिवशी त्यांनी खुणा सांगितल्या. माणूस गप्प होतो, आवडीच्या वस्तू देऊन टाकतो.

ऐकून मी चपापले. मेंढ्या मी थंडीआधीच विकल्या होत्या. गाय नणंदेला दिली, कुत्रा पण तिलाच. चहाचं पाणी उकळायचा समोवार द्यायला काढला, तर दोघी जणी माझ्याच अंगणात त्यावरून भांडल्या. का देतेस, ते कुणी विचारलं नाही. नवरा गेलेला, मुलगा मॉस्कोत. कुणीतरी विचारावं, एवढ्यासाठी मी रोज शिकवणीला बसायचे.

मग सराव आला. जोड्या लावल्या, एकाने दुसऱ्याला सरळ विचारायचं, "मरायचा विचार येतो का?" माझ्या वाट्याला शेजारचे शेयशेन आबा. रेंजसाठी ते त्यांच्या गवताच्या गंजीवर चढलेले, त्यामुळे आवाज आधी कुंपणावरून यायचा, मग मोबाईलमधून.

"सूनबाई, मेंढ्या बऱ्या?"

"बऱ्या, आबा." आमच्यात दुसरं काही म्हणत नाहीत.

"गाय?"

"बरी. आबा, तो प्रश्न विचारा ना."

"विचारतो की. जनावरांचं सोडून एकदम मरणाचं काढू? मला काही वळण आहे का नाही? घोडी?"

"घोडी कधी होती माझ्याकडे?"

"मग तिची काळजी नाही. पोरगा?"

तेवढ्यात वेळ संपली. बाई सगळ्यांना शाब्बास म्हणाल्या आणि पडदा काळा झाला. घरात माझ्याशिवाय आवाज करणारं कुणी नव्हतं, आणि मी करत नव्हते.

थोड्या वेळाने आबा दारात. टोपीवर गवत.

"विचारपूस अर्धी राहिली, बरं दिसत नाही," ते म्हणाले. मग गोठ्याकडे बघत राहिले. "मेंढ्या कुठायत?"

"विकल्या."

"कुत्रा भुंकला नाही मला."

"दिला."

आबांनी टोपी काढली. पोराचं, तब्येतीचं, कशाचंच विचारलं नाही.

"अस्यलकान, मरायचं मनात आहे का?"

"आहे," मी म्हणाले. मग कितीतरी वेळ रडले.

"आबा, आता पुढे काय करतात?"

"मला काय माहीत? तो धडा चालू होता तेव्हा मी गंजीवरून घसरलो." त्यांनी माझी शाल खुंटीवरून काढून मला दिली. "बाईंना फोन लावू. रेंजसाठी मी गंजीवर चढतो, तू शिडी धर. मी खाली येईपर्यंत सोडायची नाही."

मी शाल घेतली आणि त्यांच्या मागून निघाले.