विटेच्या रंगाची नळी

"भाकर नाई, तं सुई नाई," नानीबाई म्हणाली आणि इन्सुलिनच्या सुईच्या पेटीची किल्ली कमरेला खोचून बसली.

तिच्या भावजयीच्या, ललिताच्या हातात काचेची नळी होती. निळ्या औषधात नवऱ्याच्या लघवीचे आठ थेंब टाकून तिनं ती उकळत्या पाण्यात धरली होती. साखर नसली तर निळं राहतं. हे विटेसारखं लाल झालं होतं.

"आक्का, हे पाय. दोन दिवस यायच्या पोटात दाना नाई. मंग हे साखर कुठून आली?"

"मले इचारते? दिवाईले सुई घेऊन उपाशी राह्यला, तं कसा घामाघूम होऊन पडला होता. गूळ चारून कोनं उठोला? म्या."

ते खरं होतं, म्हणून ललिताला जास्तच चीड आली. त्या दिवसापासून घरात हा कायदाच झाला होता. पण त्या दिवशी नळी लाल नव्हती.

ललिताचा नवरा बबनराव शेलूबाजारच्या जिनात कापूस तोलायचा. नुसत्या नजरेनं गाडीचं वजन सांगणारा माणूस. परवापासून ओकाऱ्या आणि हगवण. हगवणीत पाणी द्यायचं नाही, हाही आक्काचाच कायदा. त्याचे ओठ फाटले होते, छाती भात्यासारखी चालत होती, आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता.

"पानी," तो म्हणाला.

"देऊ नको वं."

ललितानं तांब्या घेतला. चमचा चमचा पाजला. मग उठून नणंदेपुढे उभी राहिली.

"किल्ली द्या."

"लाज सोडली का वं?"

"सोडली."

तिनं आक्काच्या कमरेला हात घालून किल्ली ओढली. चौदा वर्षांत ती या बाईसमोर खाटेवर बसलीसुद्धा नव्हती.

पण सुई किती द्यायची ते तिला ठरवता येईना, म्हणून दुपारच्या मोटारीनं तिघं मंगरूळपीरला पोचली. सुईची पेटी ललिताच्या काखेत, नळी मुठीत, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा. डॉक्टरनं आधी नळी पाहिली, मग माणूस. सुई टोचली, सलाईन लावलं, आणि तो ललिताकडे वळला.

"सुई तुम्हीच देता ना? मग बंद का केली? आजारात खाल्लं नाही तरी साखर वाढते. सुई अशी बंद करायची नसते. घडीघडी तपासायचं, पाणी पाजत राहायचं, आणि सुई किती द्यायची ते त्याच दिवशी इथं येऊन विचारायचं. आणखी एक रात्र गेली असती, तर हा माणूस गेला असता."

ललितानं आक्काकडे पाहिलं. आक्का छताचे वासे पाहत होती. ललितानं तिचं नाव सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी बबनराव घरी आला. ओसरीवर टेकला आणि पहिलं वाक्य बोलला.

"आक्काच्या कमरेले हात घातला म्हने तू?"

ललितानं नळी उजेडात धरली. हिरवट होती; साखर थोडीच उरली होती. तिनं पदराच्या गाठीतून किल्ली काढली, पेटी उघडली आणि डॉक्टरनं सांगितली तेवढी सुई भरली.

"घातला," ती म्हणाली. "दंड इकडे करा."