कूलरसमोरचा पियानो

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. नागपुरात सक्करदऱ्याला वच्छलाताईच्या बैठकीत भिंतीला पाठ लावून उभा असतो. डोक्यावर क्रोशाचा रुमाल आणि प्लास्टिकची फुलं. हसू नका! कलकत्त्याच्या कारागिरांनी मला अस्सल सागवानातून घडवलं. कामठीच्या छावणीत साहेबांच्या क्लबात मी वाजलो आहे.

तो क्लब बंद पडला, तेव्हा वच्छलाताईच्या वडिलांनी, धोंडबांनी, मला बैलगाडीवर घालून घरी आणलं. धोंडबा गांधीबागेच्या बँडपार्टीत वरातीपुढे ढोल वाजवायचे. बायको लवकर गेली, म्हणून धाकट्या बळीरामला थोरल्या वच्छलानेच वाढवलं. पोरगा दिवसभर मला बडवायचा. एका बँडमास्तरांनी त्याला बोटं ठेवायला शिकवलं, पण ठेका बापाचाच. डावा हात वरातीच्या ढोलासारखा घट्ट चालायचा आणि उजवा मागून रेंगाळत, खोड्या काढत यायचा. पुढे याच वाजवण्याला जॅझ म्हणत लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मी मात्र ते वाजवणं गांधीबागेचंच मानतो.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास तो कलकत्त्याच्या हॉटेलात वाजवायला गेला. मग जहाजावर, मग लंडन, पॅरिस, टोकियो. त्याच्या रेकॉर्डी घरी यायच्या, पण त्या वाजवायचं यंत्र घरात नव्हतं. वच्छलाताई त्या पुसून माझ्यावर मांडायची आणि येईल त्याला सांगायची, "एक डाव माह्यासमोर बसून वाजवला पाहिजे त्यानं. मंग मी मरायले मोकळी."

आणि तोवर तिने मला कसं जपलं म्हणता! नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. लाकूड तडकेल म्हणून तिने कूलर आणला आणि त्याचं तोंड थेट माझ्याकडे केलं. वाळ्याच्या ताटीतून ओला वारा दिवसभर माझ्या अंगात शिरायचा. ती स्वतः दाराशी हातपंखा हलवत घामाघूम बसायची.

"काहून वं वच्छला," शेजारच्या प्रेमिलाबाई म्हणायच्या, "माणसाले सोडून लाकडाले हवा देऊन राहिली?"

"बळीराम येईन तेव्हा त्याचा बाजा धड पाहिजे ना!"

अगं बाई, मला ओल सोसत नाही! पण सांगू कसा? तारा गंजल्या, लाकूड फुगलं. मधल्या पट्ट्या दाबल्या की वर येईनाशा झाल्या.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास, भर मे महिन्यात बळीराम आला. केस पिकलेले, चार पावलं चालला की धाप लागायची. वच्छलाताईने माझ्यावरचं सगळं खाली उतरवलं, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि समोर पाट घेऊन बसली. त्याने झाकण उघडलं. एक पट्टी दाबली, ती तिथेच रुतली. दुसरीचंही तेच. त्याने वळून कूलर पाहिला, मग बहिणीच्या हातातला पंखा पाहिला. त्याला सगळं कळलं.

तरी तो वाजवू लागला. ज्या पट्ट्या उठत होत्या, तेवढ्यांवरच. सूर अर्ध्यात तुटायचा, तो थांबायचा, पुढे सरकायचा. डावा ठेका तेवढा शाबूत होता.

"लहानपणी तर सलग वाजवत होता गा," ती हळूच म्हणाली. "परदेशात असंच थांबून थांबून वाजवतात काय?"

बळीरामने रुतलेली पट्टी नखाने वर उचलली.

"हो वं ताई, असंच असते."

"मंग छान आहे," ती म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले.

तो परत गेला. त्याच हिवाळ्यात पॅरिसला वारला. आता घरी कुणी आलं की ती सांगते, "माह्या भावाचा बाजा मी आयकला. थांबून थांबून वाजवत होता तो." लोक माना डोलावतात. त्या दिवशी तिने बळीरामचं खरं वाजवणं ऐकलंच नाही, हे फक्त मला ठाऊक आहे. फार जळतं हो आतून.

मित्रांनो, जपायचं तर खुशाल जपा, पण ज्याला जपता त्याला काय सोसतं ते कुणा जाणत्याला एकदा विचारा. आणि कुणी मायेपोटी चुकत असेल तर वेळेवर सांगा. बळीरामने त्या दिवशी सांगितलं असतं, तर ती रडली असती. पण चार दिवसांत कुणी कारागीर आणून मला दुरुस्त केलं असतं आणि तिने त्याला ऐकलं असतं.

पुन्हा उन्हाळा लागला आहे. वच्छलाताई आत्ताच कूलरमध्ये पाणी भरून गेली. जाताना माझ्या झाकणावर हात फिरवून म्हणाली, "गार वाटते ना गा?"